मोकळा आणि पुरा

केरबा फोटोवाल्याची आणि माझी ओळख एका शब्दावरून झाली. शब्द माझा होता, अक्षरही माझंच होतं. पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीला एक नवा कारखाना उभा राहत होता आणि मी तिथे भरती खात्यात कारकून होतो. आकुर्डी, मोशी, चऱ्होली, पार चाकणपर्यंतची माणसं नोकरीला येत. प्रत्येकाला पास, प्रत्येक पासावर फोटो आणि फोटोत डोक्यावर काही असता कामा नये, असा वरून हुकूम. मी फाटकाजवळच्या फळ्यावर ठसठशीत लिहिलं : ‘पासासाठी फोटो बोडक्या डोक्याचा असावा.’ शुद्धलेखन दोनदा तपासलं आणि चहा प्यायला गेलो.

परत येतो तर खिडकीशी एक माणूस उभा. उंच, वाळका, पस्तिशीच्या आतबाहेरचा, उजव्या हाताची बोटं औषधाने काळपट पडलेली. गंमत म्हणजे सगळा गाव डोक्याला काहीतरी गुंडाळून आलेला असताना याच्या डोक्यावर मात्र काहीच नव्हतं.

“रावसाहेब, त्यो एक शबूद तेवढा पुसा.”

“कोणता?”

“बोडकं. बोडकी बाईला म्हंत्यात, न्हवरा गेल्यावर. ही बापय मानसं हायती. घरनं पागोटं बांधून निगाल्यात आन दारातच तुमी त्यास्नी बोडकं म्हंता.”

“मग काय लिहू?”

“मोकळं लिवा. मोकळ्या डोक्याचा.”

कारकुनाला अधिकार फार थोडे असतात. त्यातला एक म्हणजे आपण लिहिलेलं न पुसणं. पण तो हटेना. मागे रांग वाढत चालली. शेवटी मी धुसफुसतच फडकं घेतलं, ‘बोडक्या’ पुसलं आणि ‘मोकळ्या’ लिहिलं. तो म्हणाला, “आता बरं दिसतंय.” जणू फळ्याचाही त्याला फोटो काढायचा होता.

फाटकासमोर रस्त्यापलीकडे बाभळीखाली त्याचा पसारा असे. बाभळीला टांगलेलं काळं घोंगडं, त्याच्यापुढे स्टूल आणि तीन पायांवर उभा लाकडी डबा. लोक त्याला ‘डबा’च म्हणत. डब्याच्या पोटातच औषधाच्या दोन थाळ्या. बाजूला शर्टाच्या बाहीसारखी एक कापडी बाही. तिच्यातून हात आत घालून केरबा अंधारात चाचपडत फोटो धुवायचा. आधी कागदावर उमटायचा तो उलटा फोटो : माणूस काळा, केस पांढरे, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. मग तो उलटा कागद डब्यासमोरच्या फळकुटावर लावून त्याचाच परत फोटो काढायचा, की झाला सुलटा. माणसं सुलटा घेऊन जायची, उलटा केरबाकडे राहायचा. चेहरा काळवंडला असेल तर तो उलट्यावर गालाला लाल शाईचं बोट लावी आणि सुलट्यात माणूस उजळ येई. “तुमच्या सायबाच्या रंगाचा करू का?” असं विचारून तो प्रत्येकाला एकदा तरी हसवायचाच, कारण त्याच्या मते हसून झाल्यानंतरचं तोंड फोटोला सगळ्यात खरं.

एक फोटो मोकळा काढून झाला की तो गिऱ्हाइकाला उठू देत नसे. “बसा, बसा. मोकळा कंपनीला झाला. आता बांधा, पुरा काढू.” मग माणूस मांडीवरचं पागोटं उचलायचा, पुन्हा नीट बांधायचा आणि केरबा त्याचा ‘पुरा’ फोटो काढायचा. त्याची एक प्रत माणसाला आणि एक केरबा स्वतःजवळ ठेवी. “घरला पुरा मानूस गेला पायजे,” म्हणायचा. मला वाटे, धंद्याची युक्ती आहे. कारकुनाला सगळ्यात आधी युक्तीच दिसते.

माझ्या फळ्यावरच्या त्या नव्या शब्दाने आठवड्याभरातच इंगा दाखवला. मोशीचा एक तरुण गडी, आधी काळेभोर केस असलेला, चकचकीत गोटा करून खिडकीशी हजर. मिश्यासुद्धा नाहीत. मी म्हटलं, “अरे, हे काय?” तर म्हणे, “फळ्यावर लिवलंय न्हवं, डोकं मोकळं करून या. आलो करून.” पुढे जे झालं ते त्यानेच दुसऱ्या दिवशी सांगितलं. असा तो गावात शिरला तेव्हा वेशीवरच्या बायकांनी ओळखलं, की याचा बाप गेला. हा घरी पोचेपर्यंत भावकी दारात जमली, दोन म्हाताऱ्यांनी गळा काढला, आणि या गोंगाटाने गोठ्यातून खुद्द बाप बाहेर आला. “कोन गेलं रं?” म्हणून तोही रडणाऱ्यांत जाऊन बसला. पोराचं डोकं बघितल्यावर त्याला उलगडा झाला आणि मग हातातलं दावं घेऊन तो पोरामागे मळ्यापर्यंत धावला.

मी केरबाला गाठलं. “बघा तुमचा शब्द! माझ्या ‘बोडक्या’ने कुणाचा बाप मारला नव्हता.”

केरबा पोट धरून हसला. “चुकलंच. पन बाप जिता निघाला का न्हाई? मग सोडा की रावसाहेब. जिता बाप दावं घिऊन मागं धावतोय, ह्याच्यापरीस आनि काय पायजे मानसाला?”

हे तो चेष्टेत बोलला नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

दुसरा प्रसंग चऱ्होलीच्या एका म्हाताऱ्या माळ्याचा. कारखान्याच्या बागेसाठी साहेबांनी त्याला हौसेने निवडला होता. म्हातारा स्टुलावर बसला, पण पागोट्याला हात लावू देईना. “बाप गेला तवा उतरलं हुतं, आई गेली तवा उतरलं हुतं. आता तिसऱ्यांदा उतरायचं ते माझं मी मेल्यावर.” रांगेतल्यांनी समजावलं, कुणी चिडले, कुणी हसले. म्हातारा उठून निघाला. नोकरी गेली तरी चालेल म्हणाला.

हे सगळं मला मागाहून कळलं. मला दिसलं ते एवढंच, की फाटकाबाहेर वीसपंचवीस माणसं कारखान्याकडे पाठ करून निश्चल उभी आहेत. साहेबही खिडकीशी आले आणि त्यांचा चेहरा उतरला. “संप? अजून कारखाना सुरूदेखील झाला नाही!” मला पिटाळलं. मी धावत गेलो तर केरबा मोठ्याने सांगत होता, “कुनी मागं बघायचं न्हाई! बगंल त्याचा फोटो काळा यील!” सगळ्यांच्या पाठी म्हाताऱ्याकडे होत्या. मग केरबाने डब्याच्या भिंगावरचं झाकण धरलं आणि म्हाताऱ्याला म्हणाला, “बाबा, मी बी डोळं मिटलं. आता फकस्त डबा बघनार. डब्याला कुठं जात हाय, का गाव हाय?” आणि त्याने खरंच डोळे मिटले. म्हाताऱ्याने एकवार चौफेर पाहिलं. पाहणारा मी एकटाच उरलो होतो. मीही पाठ फिरवली. मागे केरबाचा आवाज आला, “एक, दोन, तीन. बांधा बाबा.”

तो पास मीच तयार केला. फोटोतला म्हातारा डब्याकडे इतक्या विश्वासाने बघत होता की पासावर शिक्का मारताना मी तो चेहऱ्यावर येणार नाही अशी काळजी घेतली.

केरबाच्या घरी मी गेलो तो साध्या कामासाठी. पाण्याने भिजून काही पास खराब झाले होते आणि मला परत फोटो हवे होते. चिंचवड गावात, नदीकडे उतरणाऱ्या बोळात त्याची दोन खणांची खोली होती. रविवार होता. दारात उजेडाला त्याची आई बसली होती, आवडाबाई. साठीची, लहानखुरी, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. केरबा पत्र्याच्या पेटीतून एकेक फोटो काढून तिच्या हातात देत होता. ती तो नाकाशी नेई, उजेडाकडे तिरका धरी आणि म्हणे, “न्हाई.” दुसरा. “न्हाई. ह्यो चाकनकडचा. असं चापून तिकडंच बांधत्यात.” तिसरा. “न्हाई रं. ह्याला बायकोनं बांधून दिलंय.” पेटीत शेकडो पागोटी होती. माणसं होती, पण म्हातारी माणसांकडे बघतच नव्हती.

भिंतीवर एक फोटो होता, वाळका हार घातलेला. बोडकं... माफ करा, मोकळं डोकं, छातीशी पाटी, पाटीवर नंबर. चेहरा हुबेहूब केरबाचा.

“आबा,” केरबा म्हणाला. “लष्कराच्या डेपोत हमाल हुते. त्यांच्या पासाचा फोटू. दुसरा न्हाई.”

“त्ये न्हवंत ते,” आवडाबाई तिकडे न बघताच म्हणाली. “पंचवीस वर्सं झाली, हे पोरगं मला सांगतंय त्ये तुजं मालक हायती. आवो, मी त्यास्नी बिनपागोट्याचं कवा बघितलंच न्हाई. भिताडावर कोन परका बापय टांगलाय आन म्हनं हात जोड.”

तेव्हा सगळा उलगडा झाला. केरबा सहा वर्षांचा असताना बाप तापाने गेला. पागोटं केरबाला आठवत होतं, पण फक्त वरून. बापाच्या खांद्यावर बसल्यावर हनुवटीला लागायचं ते मऊ कापड, त्याचा घामट वास, एवढंच. समोरून कसं दिसे ते ठाऊक एकट्या आईला. आणि आईला ते बघितल्यावर ओळखता आलं असतं, सांगता येत नव्हतं. “असं वळून... असं... आन टोक कुठं खोवलंय ते दिसायचंच न्हाई,” असं म्हणून तिचा हात हवेत घोटाळायचा. भिंतीवरच्या फोटोचा उलटा काढून त्यावर शाईने पागोटं रंगवायचं, म्हणजे सुलट्यात पांढरंशुभ्र उमटेल आणि आबा पुरे होतील, हे केरबाने कधीच ठरवून ठेवलं होतं. तेवढ्यासाठी तर तो या धंद्यात शिरला होता. फक्त ते पागोटं कुठल्यातरी डोक्यावर सापडायला हवं होतं, आणि आईचे डोळे पुरते जायच्या आत. डोळ्याला कुणाला हात लावू द्यायला म्हातारी तयार नव्हती.

मी कारकून म्हणून ज्याला युक्ती समजत होतो, ते हे होतं. मला माझीच लाज वाटली. मग मी दर दोनतीन रविवारी जाऊ लागलो. केरबा चहा टाकी आणि मी पेटीतून एकेक फोटो म्हातारीच्या हातात देई. मला कागद पुढे सरकवायची सवय होतीच. पण म्हातारी दिवसेंदिवस फोटो नाकाच्या अधिक जवळ नेऊ लागली आणि ‘न्हाई’ म्हणायला अधिक वेळ घेऊ लागली. केरबाच्या चेष्टा कमी झाल्या. एकदा फाटकाशी मला म्हणाला, “रावसाहेब, आता ती उगंच न्हाई म्हनती. तिला दिसतच न्हाई. मला वाईट वाटू नये म्हनून बगितल्यासारखं करती.”

आणि मग मी चूक केली. आयुष्यभर चुका न करण्याचा पगार घेतला, पण कुणाच्या उपयोगी पडलो तो त्या एका चुकीने. पेटीत सुलटे आणि उलटे एकमेकांत मिसळले होते. बोलण्याच्या नादात मी म्हातारीच्या हातात एक उलटा ठेवला. काळा चेहरा, काळं पागोटं, भुतासारखे पांढरे डोळे. माझ्या लक्षात आलं आणि मी तो काढून घेणार, तोच म्हातारी ओरडली, “ह्ये! केरबा, ह्ये रं ह्ये!”

केरबा चहाचं भांडं तसंच चुलीवर टाकून आला. फोटो बघून त्याचा चेहरा पडला. “आये, ह्यो उलटा हाय. मोशीचा तुकाराम हाय ह्यो. ह्याचा सुलटा तू दोनदा बगितलास.” त्याने सुलटा शोधून दिला.

“न्हाई. ह्यो न्हाई.”

“दोन्ही एकच हायती, आये.”

“एक कसं? मला वेडी समजतूस का? ह्ये त्यांचं, ह्ये दुसऱ्याचं.”

केरबा भिंतीला टेकून खाली बसला. डोळे तर गेलेच, आता आईचं डोकंही चाललं, असं त्याच्या तोंडावर लिहिलं होतं. चहा उतू गेला, तरी कुणी उठलं नाही. मग त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी जमिनीवर ठेवले आणि बघत राहिला. सुलट्यात कापडाचा वळसा एका कानावरून चढत होता, उलट्यात दुसऱ्या.

“आये,” तो फार हळू म्हणाला, “आबा डावखुरं हुतं का गं?”

“मग! डाव्या हातानं घास घ्यायचं. त्यापायी तुज्या आजीनं चटकं दिलं हुतं ल्हानपनी. चारचौगांत उजव्यानं जेवायचं, घरात डाव्यानं.”

“मग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?”

“तू इचारलंस कुठं? आन नवऱ्याचं वैगुन्य कुनी सांगतं व्हय?”

केरबा हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. मला काय करावं कळेना, म्हणून मी चूल विझवली.

पुढच्या रविवारी तो नवं पागोट्याचं कापड घेऊन आला. आवडाबाई म्हणाली, “टोक माज्या हातात दे. त्ये दारात हुबं ऱ्हायचं, मी चुलीपाशी खाली मान घालून टोक धरायची. रोज.” म्हणजे तिने ते पागोटं नुसतं पाहिलं नव्हतं, हातानेही ओळखलं होतं. केरबा दारात उभा राहिला. आयुष्यात त्याने डोक्याला काही बांधलं नव्हतं. बाप गेल्यावर तेराव्याला मामाने एक चिंधी गुंडाळली होती तेवढीच. नंतर कोणी शिकवलं नाही, आणि दुसऱ्याचं बघून शिकायला तो तयार नव्हता. तो डाव्या हाताने वळसे घेऊ लागला. म्हातारीने डोळे मिटून घेतले होते. कापडाला ताण आला की म्हणायची, “आता सैल सोड. आता वड. उगं न्हाई, दमानं. वळ. आता एक पाऊल म्होरं यी.” प्रत्येक वळशाला मुलगा एक पाऊल पुढे येत होता आणि आईच्या हातातलं कापड कमी होत होतं. शेवटचं टोक तिच्या बोटांतून सुटलं तेव्हा तो तिच्या पुढ्यात गुडघ्यावर बसला होता. तिने दोन्ही हातांनी त्याचं डोकं चाचपलं. टोक आत खोवून दिलं. मी पाठ फिरवून उभा राहिलो. तेवढं मला केरबाने शिकवलं होतं.

फोटो मी काढला. केरबाने सगळं मांडून दिलं, मी फक्त भिंगावरचं झाकण उघडलं आणि तीन आकडे मोजले. “सावकाश मोजा, रावसाहेब, पगाराचा दिस न्हाई,” तो स्टुलावरून म्हणाला. त्या फोटोच्या उलट्यावर बघून त्याने आबांच्या उलट्यावर शाईने घडी न् घडी रंगवली. दहा-बारा बिघडले. जो साधला तो त्याने आईच्या हातात दिला तेव्हा मी होतो.

तिने तो नाकाशी नेला. उजेडाकडे तिरका केला. कितपत दिसलं देव जाणे. पण तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि नव्या सुनेसारखी मान खाली घालून म्हणाली, “आलात व्हय?”

केरबा हार घेऊन पुढे झाला. तिने त्याचा हात धरला. “हार नगं. आत्ता तर आल्यात.”

तो फोटो बिनहाराचाच भिंतीवर लागला. आवडाबाई त्यानंतर दीड पावसाळा होती. डोळे पुरते गेले तरी सकाळी त्या भिंतीकडे तोंड करून बसायची.

माझी बदली झाली त्या दिवशी सामान टेम्पोत टाकून मी फाटकाशी आलो. रस्त्यापलीकडे केरबाचं गिऱ्हाईक चालू होतं. त्याच्या डोक्यावर आता पागोटं असे, डावखुऱ्या वळशाचं. पण त्याने एक पंचाईत झाली होती. डब्याच्या मागच्या काळ्या फडक्यात डोकं घालायचं तर पागोटं आत मावत नव्हतं. केरबा दर वेळी ते अलगद उतरवी आणि समोर बसलेल्या माणसाच्या हातात देई. त्या दिवशी आकुर्डीचा कुणी अनोळखी गडी स्टुलावर होता. मोकळ्या डोक्याने अवघडून बसलेला, मांडीवर स्वतःचं पागोटं, हातांत केरबाचं.

मी हात केला. केरबाला दिसला नाही. तो फडक्यात शिरला होता. आतून फक्त त्याचा आवाज आला, “खाली ठिवू नगा, पावनं. आबांचं हाय.”